मुद्दाम फाडलेला कोन

“चाची, या बॉक्सचा आवाज फाटून—”

जैबुनबी एवढ्या जोरात खोकली की मंडपवाल्याचं पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. तिनं डोळ्यांनी आतल्या बाजूला खूण केली. आत टेबलापाशी तिचा नवरा गफ्फारभाई पाठमोरा बसून एका अॅम्प्लिफायरचे स्क्रू काढत होता. मंडपवाला धंद्यात नवा होता, त्याला खूण काही कळली नाही.

“कोन गेला असंन,” ती म्हणाली. “ठेवून जाय. परवा ने.”

“कोन गेला म्हणूनच त आवाज फा—”

“सांगतलं न, ठेवून जाय.”

उमरखेडच्या जुन्या बाजारातल्या या दुकानात स्पीकर दुरुस्त होतात. स्पीकरच्या आत काळ्या कागदाचा जो पसरट शंकू असतो आणि ज्याच्या थरथरण्यानं आवाज निघतो, त्याला धंद्यात कोन म्हणतात. तो चिरला की आवाज फाटतो. म्हणजे दुकानाची पायरी चढणाऱ्या माणसाच्या तोंडात पहिला शब्द ‘फाटला’ हाच असणार, आणि नेमक्या त्याच शब्दाला इथं दोन वर्षांपासून बंदी होती. शिंप्याच्या दुकानात कुणी ‘उसवलं’ म्हणायचं नाही, असा हा प्रकार. जुनी गिऱ्हाइकं सांभाळून घेत. ‘हा जरा नीट बोलत नाही, चाची,’ असं काहीतरी म्हणत. नव्यांसाठी जैबुनबीचा खोकला होता.

बंदी गफ्फारभाईनं घातलेली नव्हती. तो कशालाच काही म्हणत नव्हता, हीच तर खरी तक्रार होती.

एके काळी या माणसाला गप्प बसा म्हणायला लोक घरी येत. तालुक्यात कार्यक्रम कोणताही असो, भोंगे याचे आणि भोंग्यातून येणारा आवाजही याचाच. सेवालाल महाराजांची जयंती असली की हा, उरूस असला की हा, गणपतीत तर दहा दिवस घरी जेवायलाही फुरसत नसे. शंकरपटात बैलजोड्या सुटल्या की जोडी दिसायच्या आधी गफ्फारभाईच्या आवाजावरून लोकांना कळायचं, जोडी आज निघणार की अडणार. नांगी टाकलेली जोडीही त्याच्या पुकाऱ्यानं चार पावलं जास्त पळते, असं जोड्या हाकणारे धुरकरी शपथेवर सांगत. धुरकऱ्यांच्या शपथा किती खऱ्या ते सोडा, पण आवाज होता खरा.

मग गळ्यात गाठ आली. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला, आवाजाचं मात्र सांगता येत नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बरा झाल्यावर पहिल्याच शंकरपटाला गफ्फारभाई हौसेनं गेला, माइक हातात घेतला आणि ‘हॅलो’ म्हणाला. मागून कुणीतरी ओरडलं, ‘गफ्फारभाई, आवाज फाटून राह्यला, वायर पाहा.’ ओरडणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आणि गफ्फारभाईनं खरंच वाकून वायर पाहिली. पिन काढून परत लावली, आवाज कमी-जास्त करून पाहिला, दुसरा भोंगा जोडला. पुन्हा ‘हॅलो’ म्हणाला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सेट ठीक आहे.

त्या दिवसापासून तो घराबाहेर एक शब्द बोलला नाही. गावात निम्म्या लोकांना वाटायचं की ऑपरेशनमध्ये आवाज पुरता गेला. घरात, दार लावलेलं असलं तर, जैबुनबीशी दोन-चार शब्द, तेही मीठ-पाण्यापुरते. जैबुनबीनं तेही चालवून घेतलं असतं. दुकान हातांनी चालतं, तोंडानं नाही. पण तिला एक गोष्ट सहन होत नव्हती. त्यांची एकुलती एक लेक शबाना हिंगोलीला दिलेली. ती रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर फोन करायची. जैबुनबी फोन स्पीकरवर टाकायची, गफ्फारभाई जवळ येऊन बसायचा, सगळं ऐकायचा, आणि बोलायचा नाही. सुरुवातीला शबाना विनवायची. मग रडायची. मग तिला मुलगी झाली, ती मुलगी बोबडं बोलायला लागली, तरी हा आपला मांडीवर हात ठेवून ऐकतोच आहे. आता शबाना फोन ठेवताना नुसतं ‘अब्बाला सलाम सांग’ म्हणायची, जसा काही अब्बा दुसऱ्या गावी राहतो. जगाशी नको बोलू, पण लेकीशी एकदा बोल, एवढंच जैबुनबीचं मागणं होतं. देवाकडे मागून झालं होतं आणि नवऱ्याकडेही.

मंडपवाला गेला आणि थोड्या वेळानं राजकुमार आला. महागावकडच्या तांड्यावरच्या देवीलाल राठोडचा हा मुलगा. बापानं इंजिनिअरिंगसाठी पुण्याला पाठवला, नोकरीही लागली, आणि पहिल्या पगारात यानं गिटार घेतली. ही हकिकत देवीलालनं बाजारात एवढ्या जणांना ऐकवली होती की जैबुनबीलाही पाठ होती. पण मुलाचं ध्यान ती प्रथमच पाहत होती. केस कपाळावर सारखे कापून सोडलेले, पँट घोट्याच्या वर आणि पायाला चिकटलेली, गळ्यात रिबिनीएवढा बारीक काळा टाय. जैबुनबीच्या वडिलांचा लग्नातला एक फोटो होता, त्यात त्यांच्या दोस्तांनी असेच टाय लावले होते. साठ वर्षांपूर्वीचा माणूस चालत दुकानात यावा, तसं तिला वाटलं.

त्याच्या हातात लाकडी पेटी होती, पुढून जाळीदार कापड लावलेली. गिटार तिच्यातून वाजते म्हणे.

“टाका सुटला, चाची. येष्टीत आदळली. तेवढी वायर जोडून द्या, बाकी बराबर आहे. उद्या चार वाजता परोग्राम आहे न आमचा, शाम मिस्त्रीच्या गॅरेजात. माहा बँड आहे.”

“लग्न कोनाचं आहे?” जैबुनबीनं विचारलं. बँड म्हटला की लग्न आलंच.

“लग्न नाही, चाची. असाच. गॅरेज बँड म्हणते त्याले.”

मग त्यानं स्टुलावर बसून तिला समजावून सांगितलं. फार पूर्वी परदेशात पोरंसोरं घरच्या गॅरेजात जमून, मिळेल ती वाद्यं घेऊन, येईल तसं वाजवायची. धड शिकलेली नाहीत, धड पैसे नाहीत, पण जोरात. राजकुमार आणि त्याचे तीन दोस्त तेच जुनं वाजवत होते, जुन्याच पेट्यांवर, जुन्याच कपड्यांत. मग आपल्या गावी कार्यक्रम करायचा तर हॉल कशाला, गॅरेजच पाहिजे, म्हणून शाम मिस्त्रीचं ट्रॅक्टरचं गॅरेज. जैबुनबीनं सगळं ऐकून घेतलं. या बाजारात जो तो जुनं भंगारात घालून नवं आणायला धावतो आणि हा पोरगा नोकरीचे पैसे घालून जुनं विकत घेत फिरतो, हे तिला मोठं नवलाचं वाटलं.

गफ्फारभाईनं टाका लावला आणि तो नमाजाला गेला. पेटी बंद करायच्या आधी जैबुनबीनं सवयीनं आत पाहिलं आणि तिचा जीव हळहळला. कोन तीन ठिकाणी चिरलेला होता. उंदरानं कुरतडलेला नव्हे, सरळ चिरा. कुणीतरी दुष्टाव्यानं केलेलं काम. आणि पोरगा म्हणतो, बाकी बराबर आहे. पैसे नसतील बिचाऱ्याकडे, संकोचानं बोलला नसेल.

कोन जोडणं हे जैबुनबीचंच काम होतं, लग्न होऊन आली तेव्हापासून. गफ्फारभाई तांब्याची तार गुंडाळून कॉइल भरायचा, ही कागद सांधायची. तिची एक रीत होती. चिरेवर दुसरा कागद ती लावत नसे. झिजून झिजून मऊ झालेल्या मलमलच्या ओढणीचा तुकडा, त्यावर पातळ केलेलं डिंकासारखं सोल्युशन, बोटानं असा बसवायचा की वजन वाढू नये. तिच्या जुन्या ओढण्या तालुक्यातल्या देवळा-मशिदींवर वाजत होत्या, असं म्हणायला हरकत नाही. मात्र तिनं स्वतः त्या कधी वाजताना ऐकल्या नव्हत्या. सुरुवातीला सासू म्हणायची, कार्यक्रमात बाईमाणसाचं काय काम. सासू गेली, पण तोवर न जाण्याची सवय लागली होती.

तर तिचे हात शिवशिवले. सांगितलं तेवढंच करायचं तर दुकान कशाला पाहिजे, असं गफ्फारभाई पूर्वी म्हणायचा. तिनं तिन्ही चिरा सांधल्या, वरून काळा रंगही फिरवला. आपण कुणाचं तरी भलं केलं, या समाधानात ती झोपली. फाटक्यात पाय घातला आहे, हे तिला कोण सांगणार?

सकाळी राजकुमार आला, गिटार जोडली आणि एक तार छेडली. आवाज आला तो इतका स्वच्छ, इतका गोड, की शेजारचा चहावाला डोकावून गेला. राजकुमारनं पुन्हा तार छेडली. मग बटणं फिरवली. मग पेटीमागे जाऊन पाहिलं. वायर पाहिली, पिन काढून परत लावली. जैबुनबीला ते पाहून एकदम कसंसंच झालं. वाकून वायर तपासणारा माणूस तिनं पाहिलेला नव्हता, पण त्याबद्दल ऐकलं होतं.

“चाची, याच्यात काही केलं का तुमी?”

“केलं न. कोन तीन जागी चिरला होता. त्याचे पैशे नाही पाह्यजे मले. देवीलालचा पोरगा तू.”

राजकुमार स्टुलावर बसला. पोरगा वळणाचा होता. टायशी चाळा करत राहिला. मग हळूच म्हणाला, “ते मीच फाडलं होतं, चाची. ब्लेडनं. मुद्दाम.”

“काहून?”

“आवाज फाटाव म्हणून.”

जैबुनबी खोकायचं विसरली. आणि पोरगा थांबेना. एकदा तोंड उघडल्यावर त्याला त्याच्या आवडीचा विषय सापडला होता. आवाज फाटलाच पाहिजे, म्हणाला. त्या काळच्या पोरांनीही असेच कोन चिरले होते. साफ आवाज कुणालाही काढता येतो, दुकानातून आणलेली कोणतीही नवी पेटी साफच वाजते. फाटलेल्या आवाजात माणूस ऐकू येतो. दर वाक्याला त्यानं तो शब्द वापरला, फाटका, फाटला, फाटाव, आणि तो सुद्धा असा तोंड भरून की जसा काही जिलबीबद्दल बोलतो आहे. दोन वर्षं सांभाळलेलं सगळं त्यानं पाच मिनिटांत उधळून लावलं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, तो असा.

आत टेबलावर सोल्डरिंग गन ठेवल्याचा आवाज झाला. गफ्फारभाई उठून बाहेर आला. जैबुनबीला वाटलं, हा आता सरळ घरी जाणार आणि महिनाभर मीठही मागणार नाही. पण तो पेटीपाशी बसला. त्यानं राजकुमारकडे पाहून हात पुढे केला. राजकुमारला समजेना. जैबुनबीला समजलं. तिनं खणातून ब्लेड काढून दिलं.

आयुष्यभर फाटलेलं सांधणाऱ्यांना फाडता येतं असं थोडंच आहे? गफ्फारभाईनं पहिली चीर दिली ती जास्त झाली. गिटार वाजवली तर डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा नुसता भणभणाट. जैबुनबीनं अर्धी चीर सांधली. मग आवाज पुन्हा गोड झाला. राजकुमारनं मान हलवली. गफ्फारभाईनं दुसऱ्या बाजूला चिरलं, तिनं टोकाला जरासं आवरलं. ओढणी मजबूत, ब्लेड तिच्यावरून घसरायचं. राजकुमार तार छेडायचा, गफ्फारभाई भुवया उंच करून विचारायचा, आणि राजकुमार म्हणायचा, “आणखी फाडा, चाचा.” जैबुनबीला आधी या सगळ्याची शिसारी आली, मग मजा वाटायला लागली. कुठवर फाटलं म्हणजे बिघडलं आणि कुठवर फाटलं म्हणजे वाजलं, हा प्रश्न तिला आजवर पडलाच नव्हता. दुपार व्हायच्या सुमारास एकदा तार छेडली आणि टेबलावरचा चहाचा ग्लास थरथरला. आवाज खरखरीत, जाडा, अंगावर येणारा, पण त्यातला सूर कुठेही हरवलेला नव्हता. राजकुमार वाजवतच सुटला. जैबुनबीनं पाहिलं तर गफ्फारभाईचे खांदे हलत होते. तो आवाज न करता हसत होता.

निघताना राजकुमार म्हणाला, चाचानं कार्यक्रमाला यायलाच हवं, ताजा सांधा आहे, मध्येच सुटला तर पाहायला कोणीतरी पाहिजे.

“मीबी येतो,” जैबुनबी म्हणाली. कुणी तिला विचारलं नव्हतं. गफ्फारभाईनं तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

शाम मिस्त्रीनं गॅरेज धुऊन काढलं होतं. दाराला आंब्याची पानं बांधली होती, ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला लावले होते, आणि इंजिन उतरवलेला एक ट्रॅक्टर हलवता येईना म्हणून त्यालाच हार घातला होता. बाहेर बॅनर होता, ‘भव्य गॅरेज बँड’. त्या बॅनरनं एक घोटाळा करून ठेवला होता. पुसद, महागाव, ढाणकीपर्यंतच्या मिस्त्री लोकांत बातमी पसरली होती की गॅरेजवाल्यांनी आपला बँड काढला. त्यामुळे इस्त्रीचे कपडे घालून, नखांतलं ग्रीस शक्य तेवढं घासून, पन्नासेक मिस्त्री पुढच्या खुर्च्या धरून बसले होते. शाम मिस्त्री नारळ आणि शाल घेऊन राजकुमारला पुनःपुन्हा विचारत होता की बँडचे अध्यक्ष कोण आहेत.

जैबुनबी मागच्या बाजूला बायकांत बसली. बायका म्हणजे तांड्यावरून आलेल्या सात-आठ जणी. तिच्या पुढच्याच खुर्चीवर देवीलाल, नव्या पांढऱ्या सदऱ्यात, सारखा मागं वळून सगळ्यांना राम राम करत होता. गफ्फारभाई पेटीच्या बाजूला हत्यारांच्या लोखंडी खोक्यावर बसला, एक हात पेटीवर ठेवून.

चौघं आले. चौघांचे कोट तंग, टाय बारीक, केस कपाळावर. मिस्त्री मंडळींत हशा पिकला. मग राजकुमारनं गिटारवर हात मारला आणि हशा थांबला.

जैबुनबीला तो आवाज आधी पायांत कळला. पत्र्याचं छत, लोखंडी कपाटं, खाली सिमेंट, सगळं थरथरत होतं. हे माझं, ती मनात म्हणाली, ही माझी ओढणी आहे. इतकी वर्षं तिच्या हातून गेलेली प्रत्येक वस्तू गावाबाहेर कुठंतरी बोलत होती आणि ती घरी भाकरी थापत होती. तर हे असं असतं. तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि बाजूच्या बाईला वाटलं की धूर लागला.

गाणी अवघड नव्हती. एका गाण्यात तर चारच शब्द होते. ‘लाइट गेली, लाइट आली’, एवढंच राजकुमार वेगवेगळ्या तऱ्हेनं ओरडत होता. उमरखेडच्या माणसाला यात न कळण्यासारखं काय? तिसऱ्या वेळी मिस्त्री लोक खुर्च्यांवरून उठून ‘गेली’ म्हणून ओरडायला लागले आणि पुढच्या वेळी ‘आली’ म्हणून. एक म्हातारा मिस्त्री डोळे मिटून, इंजिन ऐकावं तशी मान तिरपी करून ऐकत होता आणि शेजाऱ्याला सांगत होता की एक सिलिंडर कमी मारून राह्यला पण गाडी ओढते. काही जण उठून गेलेही. कान धरून गेले. सगळ्यांना आवडलं असं मुळीच नाही.

शेवटच्या गाण्याला राजकुमारनं गिटार सोडली आणि तो नुसता ओरडायला लागला. जोर वाढत गेला तसा त्याचा आवाज चिरत गेला. शब्द फाटत होते, मध्येच नुसती हवा येत होती, मग पुन्हा खरखर. देवीलाल कासावीस होऊन मागे वळला.

“पोराचा गळा बसला का ओ बाई? काल दही खाल्लं त्यानं, मी नाही म्हणलो होतो.”

जैबुनबीला अचानक राग आला होता. कुणाचा ते तिलाही सांगता आलं नसतं. ही शहाणी पोरं चांगला गळा मुद्दाम फाडतात आणि लोक टाळ्या वाजवतात. आणि तिच्या घरात एक माणूस त्याच एका शब्दापायी दोन वर्षं जिवंतपणी मुका झाला, आणि तिनं त्याला साथ दिली. खोकून खोकून साथ दिली. तिनं गफ्फारभाईकडे पाहिलं. तो पेटीकडे पाहत नव्हता. पेटीवरचा हातही त्यानं काढला होता. तो राजकुमारच्या गळ्याकडे पाहत होता, एकटक, डॉक्टर पाहतात तसा.

गाणं संपलं. शाम मिस्त्रीनं अध्यक्ष न सापडल्यानं नारळ बँडमधल्या ढोलवाल्याच्या हातात दिला. बाहेर उजेड अजून होता. राजकुमार हार घातलेल्या ट्रॅक्टरला टेकून पाणी पीत होता, भोवती पाच-सहा मिस्त्री, देवीलाल आणि जैबुनबी. गफ्फारभाई गर्दीतून पुढे आला आणि त्याच्यासमोर उभा राहिला.

“दुखते का?”

आवाज खरखरीत होता, मधून तुटणारा. जैबुनबीनं पदर मुठीत धरला. मिस्त्री एकमेकांकडे पाहायला लागले. राजकुमारला मात्र यात काहीच विशेष वाटलं नाही, त्याला काही माहीतच नव्हतं. त्याला विचारलं गेलं आणि त्यानं उत्तर दिलं.

“दुखते न, चाचा. परोग्राम झाला की आग होते. मिठाच्या गुळण्या करतो.”

“गुळण्यानं नाही होत.” गफ्फारभाई थांबला, श्वास घेतला, पुन्हा बोलला. “कोमट पाणी पे. अन् दोन दिवस गप राय.”

“दोनच? मले त एक जन म्हणे आठ दिवस बोलू नको.”

“दोनच,” गफ्फारभाई म्हणाला. “जास्त नोको. जास्त गप राह्यलं की सवय लागते.”

शाम मिस्त्रीचं तोंड उघडं पडलं होतं. “गफ्फारभाई,” तो म्हणाला, “तुमाले बोलता येते? तुमचा आवाज—”

जैबुनबीला खोकला आलाच होता. पण गफ्फारभाईनंच वाक्य पुरं केलं.

“फाटला, शाम,” तो म्हणाला. “फाटला, पण आहे.”

शाम मिस्त्रीनं उरलेली शाल गफ्फारभाईच्या खांद्यावर टाकली. देवीलालनं तेवढ्यात विचारून घेतलं की कोमट पाण्यात हळद टाकली तर चालते का, आणि गफ्फारभाई म्हणाला, चालते.

घरी येताना जैबुनबीनं जाणूनबुजून तोंड बंद ठेवलं. एवढा बोलला तो, आपण काही विचारावं आणि गाडी अडावी, असं तिला नको होतं. आणि खरं म्हणजे तिला तेवढ्यानं समाधान नव्हतं. शाम मिस्त्रीशी बोलला, ठीक आहे. शाम मिस्त्री कुणाचा कोण?

नमाज झाला. फोन वाजला. जैबुनबीनं उचलून स्पीकरचं बटण दाबलं, तेवढ्यात गफ्फारभाईनं हात पुढे केला. तिनं फोन दिला. त्यानं तो कानाला लावला नाही, तोंडापासून चार बोटं लांब धरला.

“हॅलो,” तो म्हणाला.

“कोन?” पलीकडून शबाना म्हणाली.

गफ्फारभाईचा हात खाली आला. त्यानं जैबुनबीकडे पाहिलं. लेकीनं ओळखलं नव्हतं, आणि तिचं काय चुकलं? हा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. फोन हिसकावून घ्यावा आणि ओरडून सांगावं, अगं, कोण काय विचारतेस, असं जैबुनबीला झालं. पण ती जागची हलली नाही. हे तिनं सांधायचं नव्हतं.

“हॅलो? अम्मी? कोन बोल रहे?”

त्यानं फोन पुन्हा वर धरला.

“अब्बा,” तो म्हणाला. शब्द मधूनच तुटला, म्हणून त्यानं तो पुन्हा म्हटला. “अब्बा बोल रहा हूँ, बेटा.”

पलीकडे दूर कुठंतरी तिची मुलगी भांडं वाजवत होती, तेवढं ऐकू येत होतं. मग शबाना अगदी हळू म्हणाली, “बोलो, अब्बा. मैं सुन रही हूँ.”

दोन वर्षांचं बोलायचं होतं. गफ्फारभाईला त्यातलं काही म्हणजे काही आठवेना. तो भिंतीकडे पाहत राहिला, घसा साफ करून पाहिला, तो व्हायचा तेवढाच झाला.

“खाना हुआ क्या?” त्यानं विचारलं.